एकदम बोला, एकदम ऐका

रात्री नऊ वाजले की फोन सुरू होतात. "नेट स्लो आहे." "व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतोय." "मुलाचा उद्या पेपर आहे हो." हेल्पलाइनवरच्या पोराचं उत्तर ठरलेलं: "टॉवरवर काम चालू आहे सर, अर्ध्या तासात होऊन जाईल." हवेतून इंटरनेट देणाऱ्या आमच्या धंद्यात हे वाक्य रोज बोललं जातं आणि त्यातला पहिला भाग बहुतेक वेळा खोटा असतो. रात्री नऊला टॉवरवर कुणी चढत नाही. खरं सांगायचं झालं तर त्या पोराला म्हणावं लागेल, "सर, आमच्या दोन रेडिओंची वेळ जुळत नाहीये." हे ऐकूनही शांत राहणारा ग्राहक अजून जन्माला यायचाय.

पण बऱ्याचदा भानगड नेमकी तीच असते.

फायबर जिथे पोचत नाही, किंवा पोचलं तरी रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी ते टिकू देत नाही, तिथे इंटरनेट असं जातं: टेकडीवर टॉवर, त्यावर चार दिशांना तोंड करून बसवलेले चार सेक्टर (प्रत्येकात एक रेडिओ नि त्याची अँटेना) आणि खाली वाड्यावस्त्यांतल्या घरांवर छोट्या डिश. एकाच चॅनेलवर टॉवरनं बोलायचं, मग गप्प बसून घरांचं ऐकायचं. ही पाळी सेकंदाला दोनशे वेळा फिरते. म्हणजे पाच मिलिसेकंदांची एक फ्रेम. तिचा मोठा हिस्सा डाउनलोडचा, उरलेला अपलोडचा. टॉवरवरचा रेडिओ बोलतो साधारण वॅटभर ताकदीनं. लांबच्या घरातून त्याच्यापर्यंत परत पोचतं ते वॅटच्या एक अब्जांशाहूनही कमी. आता पूर्वेकडचा सेक्टर हे ऐकत असताना, त्याच खांबावर दोन हातांवर असलेला पश्चिमेकडचा सेक्टर बोलायला लागला तर? गणपतीच्या मिरवणुकीत ताशावाल्याच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलून बघा, म्हणजे त्या सेक्टरची अवस्था कळेल. तोंड विरुद्ध दिशेला आहे म्हणून सुटका नाही, अँटेना पाठीमागूनही थोडं गळतेच. आणि चारही सेक्टरांना एकमेकांपासून लांबची चॅनेलं द्यायची म्हटलं, तर एवढी मोकळी चॅनेलं आणायची कुठून?

मग उरतो एकच उपाय. खांबावरच्या सगळ्यांनी एकदम बोलायचं आणि एकदम ऐकायचं. त्यासाठी प्रत्येक रेडिओला दर सेकंदाला एक ठोका दिला जातो आणि तो येतो वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांकडून. लोकांच्या लेखी जीपीएस म्हणजे नकाशा. आमच्या लेखी ते घड्याळ. टॉवर कुठे आहे हे आम्हाला माहीत असतं, तो काही हलत नाही. मोटोरोलाच्या 'कॅनोपी' रेडिओंनी या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत छोट्या ऑपरेटरांपर्यंत आणली. टॉवरखालच्या पेटीतून वीज, डेटा आणि हा ठोका एकाच केबलनं वर जायचा.

ठोका घेणारी अँटेना म्हणजे तळहातावर मावणारी एक डबी. पोरांच्या तोंडी तिचं नाव 'पक'. तिची मागणी एवढीच, की डोक्यावर मोकळं आकाश हवं. आणि तेवढंच तिला कुणी देत नाही.

एका तालुक्याच्या गावी घराच्या गच्चीवर आमचा छोटा टॉवर होता. रोज सकाळी आठच्या सुमाराला तिथला एक सेक्टर बिघडायचा आणि अकरा-साडेअकराला आपोआप बरा व्हायचा. रेडिओ बदलला, केबल बदलली, केबलमधून वीज चढवणारा पीओई बदलला. कुणी म्हणालं शेजारच्या बँकेचं काहीतरी चालू होतं, कुणी उन्हाला दोष दिला. लॉगमध्ये एवढंच दिसायचं की सकाळी दिसणाऱ्या उपग्रहांची संख्या एकदम घसरते. शेवटी टॉवरवर चढणारा आमचा जुना रिगर भल्या सकाळी जाऊन गच्चीवर बसला. पक लावला होता पाण्याच्या काळ्या टाकीच्या स्टँडखाली, कारण लावणाऱ्या पोराला पावसाची काळजी. (पक भिजण्यासाठीच बनवलेला असतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.) टाकी प्लास्टिकची, रिकामी असताना सिग्नल तिच्यातून आरपार येतो. पण साडेसातला नगरपालिकेचं पाणी आलं की घरमालक काका पंप चालू करायचे, टाकी भरायची आणि उपग्रह नि पक यांच्यामध्ये हजार लिटर पाणी उभं राहायचं. आंघोळी, धुणीभांडी उरकून पातळी उतरली की सेक्टर ठणठणीत. रिगरचा फोनवरचा रिपोर्ट एका ओळीचा होता: "साहेब, टाकी भरली की नेट जातंय." ऑफिसात हशा पिकला. त्यानं पक काढून कठड्यावर ठोकला आणि विषय संपला.

ठोका हरवला की रेडिओ काय करतो, यावर पुढचा सगळा मनस्ताप ठरतो. काही रेडिओ तत्काळ गप्प होतात. ग्राहक ओरडतात, पण दोष कुठे आहे ते निदान कळतं. दुसऱ्या प्रकारचे रेडिओ स्वतःच्या क्रिस्टलवर चालत राहतात. हे घातक. क्रिस्टल समजा दहा लाखांत एकानं चुकतं. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा हे कितीतरी चांगलं, पण हिशेब करून बघा. दर सेकंदाला एक मायक्रोसेकंद, म्हणजे तासाभरात साडेतीन मिलिसेकंदांहून जास्त, आणि फ्रेम आहे जेमतेम पाचाची. शेजारी ऐकतोय तेव्हा हा हमखास बोलणार. आणखी वीस-पंचवीस मिनिटांत घसरण पूर्ण एका फ्रेमची होते, म्हणजे दोघं पुन्हा जुळतात आणि सगळं सुरळीत! पाच हजार सेकंदांचं हे चक्र, साधारण एक तास तेवीस मिनिटांचं. लिंक गेली म्हणून इंजिनीअर डोंगर चढून जातो, लॅपटॉप उघडतो तर पिंग एकदम स्वच्छ. खाली उतरून वडापाव हातात घेतो, तेवढ्यात फोन: "परत गेलं." अशा एका टॉवरच्या पायाला लिंबू-मिरची बांधलेली मी पाहिली आहे. बांधणारा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला होता. त्याला हसायला कुणी पुढे झालं नाही, कारण तोवर त्याच्याइतकं पटेल असं कारण दुसऱ्या कुणापाशी नव्हतं.

एकदम बोलायचं, एकदम ऐकायचं हे तंत्र आम्हाला तयार डब्यात मिळतं. कानपूरच्या आयआयटीत काही मंडळींनी ते हातानं घडवलं होतं, तेही साध्या वायफाय कार्डांवर. 'डिजिटल गँजेटिक प्लेन्स' असं त्या प्रकल्पाचं नाव. उंच मनोरे उभारून त्यांवर डिश लावायच्या आणि वायफायनं खेडी जोडायची. अडचण अशी, की वायफाय जन्मलं खोलीभर अंतरासाठी. त्याचा शिष्टाचार म्हणजे आधी कानोसा घ्यायचा, दुसरं कुणी बोलत नसेल तरच तोंड उघडायचं. एका मनोऱ्यावर तीन-चार डिश असल्या की प्रत्येक कार्डाला शेजाऱ्याचा आवाज येतो आणि ते सभ्यपणे गप्प बसतं. मग एका वेळी एकच डिश बोलणार, बाकीच्या नुसत्या टांगलेल्या. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी यावर काढलेली पद्धत 2005 साली मोबिकॉम परिषदेत मांडली. तिचं नाव 'टू-पी', म्हणजे दोनच अवस्था. मनोऱ्यावरच्या सगळ्या लिंक एकदम पाठवतील, नाहीतर सगळ्या एकदम घेतील.

कागदावर झकास. पण कार्डाचा तो उपजत सभ्यपणा मोडायचा कसा? चिपच्या आतला प्रोग्रॅम यांच्या हातात नव्हता. तेव्हा त्यांनी जी शक्कल लढवली तिला तोड नाही. त्या कार्डांना दोन अँटेना जोडायची सोय होती आणि कोणत्या कानानं ऐकायचं हे सॉफ्टवेअरमधून निवडता यायचं. डिश जोडलेली फक्त एकाला. पाठवायच्या क्षणी कार्डाला सांगायचं, आता रिकाम्या जोडणीतून ऐक. तिथे काहीच नाही, सगळं शांत. कार्डाला वाटायचं मैदान मोकळं आहे आणि ते बिनदिक्कत बोलायला लागायचं. अख्ख्या पद्धतीचा पाया म्हणजे कार्डाला वेळेवर बहिरं करणं! शिवाय उपग्रहाचं घड्याळही त्यांनी घेतलं नाही. एका बाजूचं बोलून झालं की ती एक खुणेचं पाकीट पाठवायची: माझं संपलं, आता तू. पाकीट हरवलं तर थोडं थांबून पुन्हा सुरुवात. काम सुरळीत चालावं एवढी जुळणी त्यात व्हायची.

हे दोघंही पुढे पवईला, आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. त्यांच्या कल्पनेला धरून बर्कली विद्यापीठाच्या गटानं 'वाइल्डनेट' उभं केलं आणि तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी आजूबाजूच्या गावांतली दृष्टिकेंद्रं जोडली. गावातल्या केंद्रात बसलेल्या रुग्णाशी थेनीचा डॉक्टर व्हिडिओवर बोलू लागला.

कानपूरच्या त्याच शोधनिबंधात एक अट आहे, जी आमच्या एका मालकांना चांगलीच महागात पडणार होती. दोन टोकांपैकी एक बोलत असताना दुसऱ्यानं ऐकलंच पाहिजे. मालकांना हवी होती 'रिंग'. तीन टेकड्या, तीन लिंक, एक तुटली तरी दुसऱ्या वाटेनं डेटा जाईल. फायबरवाले करतात, मग आपण का नाही? इंजिनीअरनं चहाच्या टपरीवर तीन ग्लास मांडले. "शेठ, ही पहिली टेकडी बोलतेय. म्हणजे दुसरी ऐकतेय, तिसरीही ऐकतेय. आता दुसरी आणि तिसरी एकमेकींशी काय बोलणार? दोघी कान लावून बसल्यात." शेठनी ग्लास फिरवून पाहिले, जागा बदलून पाहिले. म्हणाले, "पैसे मी घालतोय ना? मग का नाही व्हायचं?" इंजिनीअरनं चौथा ग्लास मागवला. चौकोन जमतो: एकाआड एक बोलतात, एकाआड एक ऐकतात. महिनाभर हिंडून चौथी टेकडी शोधली, तिथल्या शेतकऱ्याला फुकट इंटरनेट कबूल करून जागा मिळवली आणि रिंग पूर्ण झाली. तिसरी लिंक वेगळ्या बँडवर टाकूनही भागलं असतं, पण त्यासाठी लागणारे रेडिओ महाग, आणि शेतकऱ्याला द्यायचं नेट शेठना स्वस्त वाटलं.

आपल्या टॉवरवर आपण हुकूम चालवू शकतो. शेजारच्या ऑपरेटरचं काय? पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं तो आणखी मोठा करून खुला केला. धंद्याला ते वरदान ठरलं. पण परवाना नाही म्हणजे तक्रार न्यायला दारही नाही. आपसात मिटवा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका टेकडीवर दोन हाडवैरी ऑपरेटरांचे टॉवर शंभर-दीडशे फुटांवर होते. योगायोगानं रेडिओ एकाच कंपनीचे, दोघांकडे जीपीएसचा ठोका बिनचूक. तरी संध्याकाळी दोघांचे ग्राहक बोंबलायचे. कारण फ्रेम एकदम सुरू व्हायची, पण एकाचं डाउनलोड तीन चतुर्थांश फ्रेमपर्यंत चालायचं आणि दुसरा निम्म्यावर थांबून ऐकायला लागायचा. उरलेला काळ ताशा कानाशी. मालक एकमेकांचं तोंड बघत नव्हते. म्हणून दोघांचे इंजिनीअर घाटाच्या पायथ्याच्या हॉटेलात गुपचूप भेटले. मिसळीच्या बिलामागे तह लिहिला गेला: फ्रेम पाच मिलिसेकंद, प्रमाण 75 ला 25, आणि जास्तीत जास्त अंतराचा आकडाही दोघांचा एकच, कारण त्यावर फ्रेममधली मोकळी जागा ठरते. एक किलोमीटर जायला लहरीला तीन मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढी सवड प्रत्येक वेळी सोडावी लागते. रातोरात दोन्हीकडचं नेट सुधारलं. मालकांनी आपापल्या इंजिनीअरची पाठ थोपटली.

तह टिकला तो गळीत हंगामापर्यंत. एका साखर कारखान्याला वजनकाट्याचे आणि गव्हाणीचे कॅमेरे दूरच्या ऑफिसात थेट बघायचे होते. कॅमेरे म्हणजे सगळं अपलोड. ज्याला हे काम मिळालं त्या ऑपरेटरकडे कुणीतरी गुपचूप प्रमाण 50 ला 50 करून टाकलं. पलीकडच्याचं नेट कोसळलं. तिथला इंजिनीअर हरतऱ्हेची तपासणी करून थकला. मग एकदा कारखान्यावरून जाताना उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकला आणि समोर काट्यावर नवेकोरे कॅमेरे दिसले. तिथूनच फोन लावला: "भाऊ, बिलामागं काय लिहिलंय ते काढून बघ." कारखान्याला वेगळ्या चॅनेलवर स्वतंत्र लिंक मिळाली आणि सेक्टर पुन्हा 75 ला 25 वर आले. आज त्या टेकडीवर दोघांचे सगळे रेडिओ एका ठोक्यावर बोलतात. मालकांचं बोलणं अजून बंदच आहे.

या धंद्यात मुरल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते: वेळ बरोबर असायची गरज नसते, सारखी असली की झालं. सगळे मिळून चुकलात तर कुणाला पत्ताही लागत नाही. 26 जानेवारी 2016 ला आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असताना अमेरिकी हवाई दलानं 1990 सालचा एक म्हातारा जीपीएस उपग्रह निवृत्त केला. ते करताना काही उपग्रहांवर चुकीची माहिती चढली. घड्याळं ठीक होती; जीपीएसची वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतला फरक सांगणारा आकडा 13.7 मायक्रोसेकंदांनी चुकला. एवढ्या वेळात रेडिओ लहर चार किलोमीटर जाते. काही यंत्रांनी तो आकडा उचलला, काहींनी नाही, आणि त्या दुहीतून ठिकठिकाणच्या टेलिकॉम कंपन्यांत अलार्म वाजले. बीबीसीचा डिजिटल रेडिओही अडखळला.

न्यूयॉर्कचा किस्सा त्याहून लाजिरवाणा. जीपीएस आठवडे मोजतं, पण आकड्याला जागा फक्त 1024 ची. तेवढे भरले की पुन्हा शून्य. 6 एप्रिल 2019 च्या रात्री शून्य होणार हे वीस वर्षं आधीपासून ठरलेलं. तरी त्या रात्री न्यूयॉर्क महापालिकेचं स्वतःचं वायरलेस जाळं आडवं झालं आणि कित्येक दिवस आडवंच राहिलं. पोलिसांचे नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे आणि सिग्नलांवरचं दूरनियंत्रण त्याच जाळ्यावर होतं. असा प्रकार आपल्याकडे झाला असता तर आपण देशाच्या नावानं खडे फोडले असते.

आमच्या टाकीला शोभेल अशी गोष्ट मात्र कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदराची. 2001 साली तिथे जीपीएस मेलं. बंदरात शिरताना बोटींची यंत्रं आंधळी व्हायची. शोध घेत तज्ज्ञ एका बोटीपाशी पोचले तर गुन्हेगार निघाला टीव्हीचा अँटेना, सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरसह दुकानातून आणलेला. टीव्ही बंद असला तरी बूस्टर चालू आणि तो भलत्याच फ्रिक्वेन्सीवर गुणगुणत होता. तो बंद केला तरी जीपीएस येईना, कारण दुसऱ्या बोटीवरही तसलाच अँटेना होता. आणि तिसऱ्याही. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो, की तो बुडवायला शत्रू लागत नाही. शेजारी पुरतो.

जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह-यंत्रणा 'नाविक' घड्याळांचं दुखणं भोगून बसलीय. पहिल्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली, ती परदेशातून घेतलेली होती. 29 मे 2023 ला गेलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहावर अहमदाबादेत इस्रोनं बनवलेलं घड्याळ आहे. एव्हाना वेळ जुळवायचा हा प्रश्न डोंगरावरून शहरात उतरलाय. जिओनं सप्टेंबर 2023 मध्ये एअरफायबर सुरू केलं आणि पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर हवेतून येणारं नेट दिसू लागलं. त्यामागच्या 5जीत शेजारशेजारच्या टॉवरांच्या वेळेत तीन मायक्रोसेकंदांहून जास्त फरक चालत नाही. आमच्या खेड्यातल्या रेडिओंना त्याहून बरीच ढिलाई असते, हे मी जरा अभिमानानं सांगतो.

तेव्हा तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर केबलला लटकलेली एखादी बिनकामाची वाटणारी डबी दिसली, तर हलवू नका, आणि तिच्यावर सोलरचं पॅनेल किंवा पत्र्याची शेड टाकायच्या आधी ऑपरेटरला एक फोन करा. रात्री नऊच्या आत केलात तर उचलतील.